साकवापलीकडची मतं

आमच्या गावात पंचायतीच्या निवडणुकीला कधी कुणाच्या बोटाला शाई लागली नव्हती. आमदारकी-खासदारकीला लागते, तेव्हा एकाच घरावर दोन झेंडे असतात आणि सख्खे भाऊ एकमेकांकडे चहाला जात नाहीत. पंचायत मात्र घरचं काम. देवळात गावकी बसते, मुंबईहून मंडळाची माणसं येतात, माझे दीर हैबतीभावजी देवापुढे नारळ ठेवून नाव घेतात. आमच्या प्रभागात बाईची जागा आली तेव्हापासून ते नाव माझं, रंगूबाईचं. दोनदा बिनविरोध आले मी. पोलादपूरच्या कचेरीत गेले की ठसक्यात सांगायचे, मला अख्ख्या गावानं निवडलंय.

यंदा बौद्धवाडीच्या सोनाबाईनं अर्ज भरला.

सोनाबाई माझ्याच वयाची. आमच्या शेतात लावणीला कितीदा शेजारी शेजारी वाकलोय आम्ही. तिची नात निशा तिला स्कूटरवरून पोलादपूरला घेऊन गेली आणि ही बाय सही ठोकून आली. भावजींनी निरोप धाडला, अर्ज मागे घे, पुढच्या खेपेला तुझा विचार करू. तिनं उलट निरोप दिला की विचार माझा मी केलाय, तुम्ही कशाला त्रास घेता. मुदत टळली. मला कपबशी मिळाली, तिला शिट्टी.

मी घरात आदळआपट केली. म्हटलं, पडेल ती, तिला विचारतो कोण. माझा मुलगा हर्षद मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "आये, पडते का नाय ते मोजल्यावर कळंल. तुला तरी कोणी मत दिलंय कधी?"

मी तोंडाची फटकळ. गावात माझ्याशी बोलून कोणी जिंकलेलं नाही. पण तेव्हा मी उठून चुलीकडे गेले. भाकरी थापताना तेच डोक्यात. देवळात माना हलल्या त्या माझ्यासाठी हलल्या, की भावजी समोर बसले होते म्हणून? अख्खं गाव, अख्खं गाव म्हणत मी मिरवले, त्यातलं माझं किती? एकदा कळायलाच हवं होतं.

प्रचाराला निघाले. आमच्या आळीत मी दारात दिसले की बायका आपणहून म्हणायच्या, काकी, तुमचंच. तोंडावर दुसरं काय म्हणणार? राहिली बौद्धवाडी. भावजी म्हणाले, ती मतं तिचीच, कशाला जातेस. सून प्रियदर्शिनी हळूच म्हणाली, मागितल्याशिवाय कसं कळणार? तेव्हा मी एकटीच निघाले.

गाव आणि वाडीच्या मध्ये ओढा, त्यावर पायी जायला फळ्यांचा साकव. अर्ध्यावर गेले आणि थांबले. एका बाजूचा कठडा नाही. मधल्या दोन फळ्या नाहीत. खाली दगड दिसत होते आणि माझं वजन तसं मानाचं. पुढे पाय उचलेना, मागे फिरायची लाज. पलीकडे सोनाबाई उभी होती. ती आली, हात पुढे केला.

"ये गो बाय. डावा पाय आधी टाक. आमची पोरं अशीच जातात शाळेत."

"आणि पावसात?"

"पावसात नाय जात."

दोन खेपा मी पंचायतीत बसले आणि साकवाची ही दशा मला माहीत नव्हती. वाडीच्या बायका माझ्याकडे यायच्या, कामाला, दाखल्याला. मला तिकडे जायचं कधी काम पडलं नव्हतं.

तिच्या ओटीवर बसले. निशानं चहा आणला. तो पिऊन झाला. हुकूम सोडायची सवय, मागायची नाही. हात जोडायला उचलले आणि पदरानं घामच पुसला. सोनाबाई हसली नाही, घाईही केली नाही. शेवटी म्हटलं, "सोनाबाय, मला मत दे. वाडीनं पण द्या."

"कोणीतरी हितं येऊन मागावं म्हणूनच उभी राहिले," ती म्हणाली. "पण आता राहिलेय तर जिंकायचं पण हाय. माझं मत मलाच. वाडीचं वाडीला विचार. दारोदार जा."

गेले. तिथं 'काकी, तुमचंच' कोणी म्हटलं नाही. साकवाचं काय करणार, ते मात्र प्रत्येक दारात विचारलं.

मतदानाला शाळेपासून पार रस्त्यापर्यंत रांग. मुंबईकर गाड्या करून आले. वर्षानुवर्षं उंबऱ्याबाहेर न पडलेल्या म्हाताऱ्या लुगडी बदलून आल्या. सोनाबाई माझ्या मागेच होती, दोघी उन्हाला शिव्या देत उभ्या होतो.

मोजणीत मी निवडून आले. पण थोडक्यात. वाडीत माणसं आहेत त्याहून जास्त मतं शिट्टीला पडली, म्हणजे आमच्या आळीतूनही गेली. वाडीतून मला आली का, तेही देव जाणे.

दुसऱ्या दिवशी भावजी आमच्याकडेच जेवायला. रागानं भात चिवडत म्हणाले, फितूर कोण ते शोधतो. हर्षद ताटात बघत राहिला. आमटी वाढता वाढता प्रियदर्शिनीचा हात थबकला. तिच्या डाव्या हाताच्या बोटावरची शाई अजून काळीभोर. या घरात कोणाला किती तिखट चालतं ते मला न विचारता कळतं. कोणाचं मत कुठे गेलं हे मात्र कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

"भावजी, शोधायचं नाय," मी म्हटलं. "उद्या माझ्याबरोबर साकवावर चला."

"तिथं कशाला?"

"चला तर खरे. डावा पाय आधी टाकायचा. सांगीन मी."