गणपतीपुढचा उंदीर

लालासाहेबांचं नाव निघालं की मला अजून मळमळतं. स्वतःचं नाव निघालं तरी मळमळतं, पण ते मागाहून.

मी मिरजेत तंबोरे करतो. तंबोऱ्याच्या तारा जिच्यावरून जातात ती घोडी हस्तिदंताची किंवा हाडाची, त्यामुळं दोन्ही माझ्या हाताखालून भरपूर गेलंय. भिंगाखाली हस्तिदंतात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा दिसतात, हाडात काळे ठिपके. जुन्या कोरीव वस्तूंचा शौक असलेल्या लालासाहेबांनी पुण्याच्या एका गोऱ्याकडून मोठ्या तोऱ्यात एक जुनं जपानी हस्तिदंती माकड आणलं होतं. मी बघितलं आणि म्हणालो, "जुनं दिसावं म्हणून चहात उकळलेलं हाड आहे." त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तेव्हापासून मला दाखवल्याशिवाय ते असलं काही घेत नसत. आणि लढाईपासून हस्तिदंत मला त्यांच्याशिवाय कुणी देत नसे.

सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात ते दुकानात येऊन बसले. त्यांच्या गावच्या रंगूबाईचा एकुलता लेक नाथाजी ब्रह्मदेशात लढाईत मेला होता. त्याच्या खिशात सापडलेला सुपारीएवढा कोरीव, पांढरा जपानी उंदीर पलटणीतल्या जोडीदारानं आईला आणून दिला. तिनं तो देव्हाऱ्यात गणपतीपुढं ठेवला. लालासाहेबांना तो हवा होता, पण देवाची वस्तू मागणार कशी?

"बाई उंदीर घेऊन येतीया," लालासाहेब म्हणाले. "शुद्ध हाय का बगून घे, म्हनून मीच सांगितलंय. अस्सल निघाला तर हाड म्हनायचं. हाड निघालं तर हस्तिदंत म्हन, बसू दे पुजत."

"आणि हाड म्हटल्यावर?"

"देव्हाऱ्यात हाड ठेवील व्हय? टाकायला निगाली की मी हात पुढं करतो."

पान चघळत ते हसले. लाल लाळ हनुवटीवर आली. तरी मी नाही म्हणालो नाही. कपाटात एका घोडीपुरताच हस्तिदंत उरला होता.

दुसऱ्या दिवशी लालासाहेब रंगूबाईला घेऊन आले. तिनं पदराची गाठ सोडली. शेपूट अंगाभोवती गुंडाळून बसलेला उंदीर, कुंकवानं माखलेला. कुंकू पुसलं तर खाली रेघा स्वच्छ. पोटाशी दोरी ओवायची दोन भोकं, त्यांच्या कडा दोरीनं वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेल्या. पाठीवर कोरलेले केस हाताळून हाताळून जवळजवळ पुसले गेलेले. अशी झीज चहात उकळून येत नाही. इतकं अस्सल काम मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"हाड आहे," मी म्हणालो.

लालासाहेबांचे डोळे चकाकले.

"कुनाचं?" बाईनं विचारलं.

हे काही ठरलं नव्हतं. "काय सांगावं? माणसाचंही असेल."

"शिव शिव!" लालासाहेबांनी रुमाल पसरला. "द्या हिकडं काकू, मी लावतो वाट."

बाईनं मूठ मिटली. तिच्या तोंडावर किळस नव्हती.

"दोन वरसं झाली. सरकारचा कागद आला, हाडं न्हाई आली. आन् हे त्येचं हाड घरात हाय, आन् मी येडी उंदीर म्हनून पुजत बसली! नदी कुटं हाय, मिस्त्री?"

"आवं काकू, ऐका तर..." लालासाहेब उठले. ती केव्हाच पायरी उतरली होती.

मीच टांगा करून तिला कृष्णेच्या घाटावर नेलं. लालासाहेब मागच्या टांग्यात. बाई कमरेएवढ्या पाण्यात गेली, लेकाचं नाव घेतलं आणि मूठ उघडली. आवाजसुद्धा झाला नाही.

"जागा ध्यानात ठेव," लालासाहेब माझ्या कानाशी कुजबुजले. "उद्या पोहनारी मानसं आनतो." तोंडाला पानाचा आणि चुन्याचा वास.

बाई निथळत वर आली. "हाडच व्हतं न्हवं, मिस्त्री?"

ह्या वेळी मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

"व्हय, आई. हाडच होतं."

"सुटला माजा नाथाजी. तुमी सांगितलंत म्हनून." माझ्या आईच्या वयाची बाई वाकली आणि तिनं माझ्या पायांना हात लावला. तोंडात कडू पाणी भरून आलं. थुंकायचं होतं, पण जिथं तिनं लेकाला सोडलं, तिथं कसं थुंकणार? गिळलं.