नवमीचा फोन

"अंतर संपलं!" सोसायटीच्या कट्ट्यावर उभं राहून लालासाहेबांनी जाहीर केलं आणि विटेएवढा मोबाईल कानाला लावला. पलीकडून कुणीच बोललं नाही. अंतर उंब्रजच्या हायवेपर्यंतच संपलं होतं. तिथून आमच्या गावापर्यंतचं पूर्वीइतकंच शिल्लक होतं.

मग दर रविवारी ते एम-एटीवरून हायवेच्या भरावावर जायचे, मागं त्यांची बायको मनुबाई. तिथं रेंज यायची. त्यांचा वीरधवल फौजेत होता, काश्मीरकडं. तो तिकडून फोन लावायचा, हे इकडून ओरडायचे. ट्रकवाले वळून बघायचे. मोबाईल नसता तरी त्याला ऐकू गेलं असतं, असं मी एकदा म्हणालो.

"अण्णा, तुमी गप बसा," मनुबाई म्हणाल्या आणि दोन्ही हातांनी फोन धरून ऐकत राहिल्या.

पुढं एका रविवारी वीरधवल म्हणाला, "आबा, खंडेनवमीला लावतो. मग वर चौकीवर जायाचं. तिथं फोन न्हाई."

नवमीला सकाळी मनुबाईंनी विळा, कुऱ्हाड, पंपाचे पाने पाटावर मांडले. शेजारी मोबाईल. सगळ्यांना हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. आता पूजेतलं काही दसरा उजाडेपर्यंत हलवायचं नाही.

"अगं, त्यो काय हत्यार हाय व्हय?" लालासाहेब कळवळले. "पोरगं वाट बघंल की!"

"पोरगं बंदुकीच्या नोकरीत हाय. पुजल्यालं आज उचलाय नगो. त्याला काय झालं म्हंजी?"

लालासाहेबांनी पुढं केलेला हात मागं घेतला. "उद्या करंल," ते स्वतःलाच म्हणाले. मोबाईल दिवसभर देवासारखा गप्प राहिला.

दसऱ्याला दोघं पहाटेच भरावावर. आम्ही सोनं द्यायला तिथंच गेलो. फोन आला नाही.

आला तो वीरधवलच, पंधरवड्यानं, पेटीतून. बर्फाचा कडा चौकीवर कोसळला होता. सोबत आलेला जवान कुंडलचा. खाली बघत तो म्हणाला, "नवमीला अंधार पडंस्तवर लावत हुता. लागंना. मग हसला. म्हनला, आईनं पुजला आसंल."

मनुबाई उठून आत गेल्या.

पुढच्या रविवारी लालासाहेब एकटेच भरावावर, चालू मोबाईल हातात घेऊन. तालुक्याचे साहेब सांत्वनाला घरी आले होते, ते गाड्यांच्या रांगेसकट तिथं पोचले. लालासाहेबांच्या पुढ्यात उभे राहून म्हणाले, "आबा, तुमचा वीरधवल गेलेला नाही. तो या मातीत आहे, या आभाळात आहे. इथल्या वाऱ्यावर कान द्या, त्याचाच आवाज ऐकू येईल!" साहेबांचा गळा चांगला होता. आम्हा सगळ्यांचे डोळे भरून आले.

लालासाहेब फोनवरच्या काड्यांकडं बघत होते.

"सायेब," ते हळूच म्हणाले, "जरा हिकडं सरकता का? तुमी हुबं ऱ्हायलं की रेंज जातीया."