माझ्या समाचाराला आलेली भिकुबाई

मित्रांनो, मी एक जुनी दीर्घिका आहे. कन्या राशीच्या पार पलीकडे राहते. मसुराच्या दाण्यासारखी मधे फुगीर, कडांना चपटी. अब्जावधी तारे मी अंगाखांद्यावर खेळवले. पण नवे घडवायचा वायू सरला आणि माझी कूस उजवेनाशी झाली.

अशात माझा एक म्हातारा तारा स्फोट होऊन गेला. जाताना असा भडकला की बाकीची लेकरे फिकी पडली. तो शेवटचा उजेड कोट्यवधी वर्षे चालत धुळ्याला पोचला, तेव्हा तिथे १९१९चा चैत्र होता.

जीवराम मास्तर शाळेत शिकवत, देवळात कीर्तन करत आणि गच्चीवरून दुर्बिणीतून मला बघत. त्यांचा तबलजी झुलाल चिडवायचा, "मास्तर, नळीमा देव दिखना का?"

एके दिवशी देवळात ध्रुवाचे आख्यान झाले. बुक्का लावून माणसे उठली. भिकुबाई उठली नाही. तिची सहा वर्षांची गोदी इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेली होती.

"मास्तर भाऊ, ध्रुवले जागा भेटनी. मनी गोदीले भेटी का?"

आदल्याच दिवशी त्यांना माझ्या कडेला नवा ठिपका दिसला होता. तिला गच्चीवर नेऊन ते म्हणाले, "ही बघा, बाई. परवापर्यंत नव्हती. देवाने दिली जागा."

मग ती नेमाने येई. नळीला डोळा लावून विचारी, "जेवनी का वं, माय?" अहो, ते माझ्या घरचे मरण होते! पण सांगायला मी तोंड कुठून आणू?

वैशाख सरता सरता ठिपका विझला.

"मास्तर, नही दिखत ती. कोठे गई?"

ढग आहेत म्हणून सांगता आले असते. मास्तरांनी हात जोडले. "बाई, मी खोटं बोललो. तो विझता तारा होता. गोदीची जागा मला ठाऊक नाही."

भिकुबाईने पुन्हा डोळा लावला. नळीत आता माझा धुकट डाग तेवढा उरला होता.

"मंग हाई धुकं काय शे?"

"तो तारा तिथलाच होता."

"म्हंजे हाई तिनी माय!" त्या संध्याकाळच्या कीर्तनातल्या हारातले एक फूल तिच्या पदराला बांधलेले होते. ते तिने दुर्बिणीपाशी ठेवले. "रडू नको वं, बहीन."

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्या समाचाराला दुसरे कोणी आले नाही. शेजारी कुणाचा दिवा विझला तर गोड खोटे सांगू नका. नुसते जाऊन बसा. ते घर काही माझ्याइतके लांब नसते.