दातांच्या दवाखान्यातला चॉकलेटचा डाग

दातांच्या दवाखान्यात येऊन कुणी चॉकलेट खावं, ही गोष्ट अक्काच्या काही केल्या पचनी पडेना. तिची वहिनी दातांची डॉक्टर. बाहेरच्या खोलीत नंबर देणं, फोन घेणं, रांगेतली भांडणं मिटवणं हे खातं अक्काकडे. तिथला राखाडी कापडाचा नवा सोफाही तिनंच हौसेनं पसंत केलेला. त्याच सोफ्यात, गादी आणि डावीकडचा हात टेकायचा भाग यांच्या मधल्या फटीपाशी, तपकिरी डाग पडला होता. अक्कानं वाकून वास घेतला. चॉकलेटच.

रागाच्या भरात तिनं गरम पाणी ओतून खसाखसा घासलं, आणि बोटाएवढा डाग तळहाताएवढा झाला. चॉकलेटमध्ये दूध असतं, गरम पाण्यानं ते कापडात घट्ट बसतं, असं वहिनीनं मागाहून सांगितलं. मग अक्कानं पिशवीत बर्फ घालून डागावर धरला, कडक झालेलं बोथट चमच्यानं खरवडलं, आणि गार पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थेंब घालून पांढऱ्या फडक्यानं कडेकडून मध्ये टिपत आली. दुपार गेली, तेव्हा कुठे डाग फिका पडला.

पुढच्या आठवड्यात तिथेच नवा डाग.

आता मात्र रागापेक्षा कुतूहल वरचढ झालं. शाळकरी पोरांवर पहिला संशय, पण ती बिचारी भीतीनं आईला चिकटलेली. एका आजोबांच्या तोंडात दातच नव्हते. तरी चॉकलेटला दात कुठे लागतात, म्हणून अक्कानं त्यांनाही सोडलं नाही. अधूनमधून दवाखान्यात डोकावणाऱ्या सख्ख्या भावावरसुद्धा तिनं डोळा ठेवला.

सापडला तो भलताच माणूस. उंच क्रेन चालवणारा, खांबासारख्या दंडांचा गृहस्थ; दाढेच्या रूट कॅनालसाठी येत असे. आतून हाक आली तशी त्यानं इकडेतिकडे पाहिलं, खिशातून काहीतरी काढून फटीत सरकवलं आणि मान खाली घालून आत गेला. अक्कानं लगेच हात घातला. चंदेरी कागदातली चॉकलेटची वडी, सोफ्याच्या उबेनं मऊ व्हायला लागलेली.

तो बाहेर आला आणि बधिर गाल सावरत फटीत चाचपडू लागला. अक्कानं वडी पुढे केली.

"हेच शोधताय ना?"

तो ओशाळून खाली बसला. अडखळत त्यानं सांगितलं ते असं की, क्रेनच्या टोकाला दिवसभर एकटा बसतो, तिथे कधी भीती वाटत नाही. पण आतली ती दातांची खुर्ची मागे कलली की त्याला घाम फुटतो.

"खिशात ठेवलं तर मुठीत चिरडतो मी. इथे ठेवलं की वाटतं, बाहेर आपलं काहीतरी वाट बघतंय. मग तोंड उघडतं."

अक्कानं सुनवायला केवढं तरी जमवून ठेवलं होतं. पण तिनं विचारलं ते एवढंच, बधिर तोंडाला चव लागते का?

"अर्ध्या बाजूला लागते," तो गंभीरपणे म्हणाला.

डाग मीच काढतो, म्हणून तो हटून बसला. अक्कानं फडकं दिलं, आणि दोनदा सांगावं लागलं की घासायचं नाही, टिपायचं. मग मात्र त्या दांडग्या हातानं इतकं हलकं काम केलं की अक्का बघत राहिली.

तेव्हापासून तो आत असेपर्यंत त्याची वडी औषधांच्या फ्रीजमध्ये, इंजेक्शनांच्या शेजारी राहू लागली. वहिनीला वडी दिसली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "भूल उतरल्यावर खायला सांगा, नाहीतर जीभ चावून घेतील."

दाढेवर कॅप बसवायच्या दिवशी तो आला, सोफ्यावर टेकला, क्रेनवरून कबुतरांची अंडी कशी दिसतात ते अक्काला सांगत राहिला. हाक आली तसा उठून सरळ आत गेला. त्याची वडी फ्रीजमध्ये ठेवायला द्यायची राहूनच गेली, हे अक्काच्या लक्षात आलं होतं. पण तिनं त्याला थांबवलं नाही.