प्रार्थना-साखळीखालची दुसरी यादी

यादी तुम्ही पुसलीत. शुक्रवारी उपासना सुटल्यावर मी ती ग्रुपवर टाकली आणि हातातला चहा संपायच्या आत ती गायब. तिच्या जागी तुमचं वाक्य : "हा ग्रुप केवळ प्रार्थनेसाठी आहे. सर्वांनी सहकार्य करावे." ग्रुपचे ॲडमिन तुम्ही, मंडळीचे सेक्रेटरीही तुम्हीच. तेव्हा बोलणं तुमच्याशीच.

एकनाथ भालेराव राहुरीकडचा. इथे आखातात, रुसैलच्या एका कारखान्यात वेल्डर. दोन वर्षं आपल्या उपासनेला येतो, शेवटच्या बाकावर बसतो. त्याला शुगर आहे. सेफ्टी बूट आतून चावला, जखम चिघळली, उजव्या पायाची करंगळी काढावी लागली. डॉक्टरांनी बजावलंय, आठवड्यातून तीनदा ड्रेसिंग झालं नाही तर पाऊल जाईल. पाऊल गेलं की नोकरी गेली, व्हिसा गेला. कंपनीची बस कामगारांच्या कॅम्पातून पहाटे साडेपाचला थेट कारखान्यात जाते. दवाखाना वीस किलोमीटर, उलट्या दिशेला.

हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुमचा पहिला प्रश्न काय होता? "गावच्या मंडळीचा दाखला आला का त्यांचा?"

म्हटलं, "नाही आला."

"मग ते सभासद नाहीत, मधुभाऊ. भेट-समितीच्या वहीत नाव कसं घालणार?"

प्रभुभोजनाला पाळकांच्या मागे प्याला घेऊन तुम्हीच उभे असता. दोन वर्षं एकनाथ तुमच्यासमोर गुडघे टेकतोय. तेव्हा नाही मागितलात दाखला.

वर मोठ्या मनाने म्हणालात, "आपण प्रार्थना-साखळी लावू." लावलीत. अर्ध्या अर्ध्या तासाच्या अठ्ठेचाळीस जागा तासाभरात भरल्या. पहाटे तीनचा अर्धा तासही कुणी सोडला नाही. कुरुमच्या एका ताईंनी तर दोन घेतले. आणि अख्ख्या मंडळीने चोवीस तास एकनाथच्या डाव्या पायासाठी प्रार्थना केली, कारण तुमच्या मेसेजमध्ये डावा लिहिलं होतं. एकदा जाऊन आला असतात तर दिसलं असतं, पट्टी कुठल्या पायाला आहे ते.

प्रार्थनेवर माझा राग नाही. साडेसहाचा अर्धा तास माझा होता. पाच शुक्रवार त्याचं नाव वाचलं गेलं, पाचही वेळा मी आमेन म्हटलं आणि पिकअप काढून घाला भागातल्या माझ्या खोलीवर जाऊन जेवलो. माझीही लाज मी इथं लिहून ठेवतो.

सहाव्या आठवड्यात कॅम्पावर गेलो. खोलीत सहा पलंग, दोन-दोन एकावर एक. कणकवलीचा रामकृष्ण म्हणून इलेक्ट्रिशियन आहे, त्याने आपला खालचा पलंग एकनाथला दिलाय. ड्युटीवरून आल्यावर तोच पाणी उकळून जखम धुतो. मला बघून म्हणाला, "तुमच्या चर्चीकडे शुक्रवारी गाडये लावूक जागा गावना नाय म्हणे. मगे तेतूरली एक हय येवक काय जाता?"

"गप रे," एकनाथ म्हणाला. मग मला, "मधुभाऊ, मंडळीला सांगा, साखळीनं लई धीर आला. दोन खुर्च्या मागून आणून ठेवल्यात मेसमधून. कोणी आलं तर पलंगावर कुठं बसवायचं?"

"कोण येणारे?" मी विचारलं.

"येतील की. कामात असतात लोक."

रामकृष्ण हसला नाही. त्यानं खुर्चीवरचा टॉवेल उचलला, मला बसायला दिलं.

म्हणून मी साखळीखाली दुसरी यादी टाकली. एकनाथला ड्रेसिंगला कोण नेणार, त्याच्या तीनच ओळी. रविवार, मधु. मंगळवार, मधु. गुरुवार, कोरी. माझा अर्बाब, म्हणजे मालक, दोन सकाळी सोडतो, गुरुवारी गाड्यांची डिलिव्हरी असते, तेव्हा तो म्हणतो, "खलास, नो." त्याचं बरोबर आहे. तो आपल्या मंडळीत नाही.

यादीखाली अकरा जणांनी हात जोडले. नाव एकानेही घातलं नाही. मग तुम्ही पुसलीत आणि मला फोन केलात.

"मधुभाऊ, उद्या प्रत्येकजण यादी टाकेल. शिस्त नको का?"

"टाकू द्या की."

"तुम्ही फार भावनेच्या आहारी जाता."

"मी पेट्रोल भरतो, सेक्रेटरीसाहेब."

तुम्ही फोन ठेवलात. गेल्या गुरुवारी ड्रेसिंग चुकलं. रविवारी नर्सने पट्टी सोडली, वास आला, तिने डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, अजून एकदा चुकलं तर मी सही घेणार. कशाची, ते मी विचारलं नाही.

येत्या गुरुवारी साडेसातला एकनाथ कॅम्पच्या गेटवर उभा राहील. मंडळीची गाडी येतेय, असं मी त्याला सांगून बसलोय. कुणाची येणार? बुधवार संध्याकाळपर्यंत मला एक नाव हवंय, आणि ते तुमच्या तोंडून हवंय.