अंगाकडचा कप्पा

"कप्पा अंगाच्या बाजूला लावू नकोस," पर्सच्या कारखान्यातल्या मास्तरांनी बजावलं होतं. "गिऱ्हाइकाला दिसत नाही, ते विकलं जात नाही."

तिने मान डोलावली होती आणि कप्पा अंगाच्याच बाजूला शिवला होता. आज त्या नमुन्याचा निकाल. नापसंत झाला की उद्यापासून पुन्हा दुसऱ्यांच्या पर्सना अस्तरं लावत बसायचं.

पर्स टेबलावर ऐटीत उभी होती, कारण रिवाजाप्रमाणे मास्तरांनी तिच्या पोटात रद्दी कोंबली होती. तीस वर्षं त्यांनी रद्दी भरूनच पर्स पारखल्या. शिवणारीच्या कडेवर तिची आठ महिन्यांची गुटगुटीत लेक, भोपळी. पाळणाघराला सुट्टी, त्यात पोरीचं अंग किंचित कोमट. दर दोन मिनिटांनी तिचा हात लेकीच्या कपाळावर जाई.

खरेदीवाल्या बाईंनी पर्स फिरवून पाहिली. "पुढून अगदीच साधी हो."

मास्तर चष्मा पुसू लागले.

"पूर्वी बायका पिशवी कपड्यांच्या आत कमरेला बांधायच्या," ती म्हणाली. "कुणाला दिसायची नाही. मग ती हातात आली आणि घरादाराची झाली. माझ्या पर्समध्ये नवऱ्याच्या किल्ल्या, सासूबाईंचा चष्मा, हिची दुपटी. माझं काय आहे, ते मलाच सापडत नाही."

"भाषण झकास," मास्तर पुटपुटले.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी रद्दी उपसून बाजूला टाकली, स्वतःची पर्स टेबलावर पालथी केली. औषधांची पाकिटं, चार्जर, बिलं, कुणाचा तरी इवलासा मोजा. घडी घातलेला एक कागद तेवढा टेबलावर ठेवून बाकी सगळं नव्या पर्समध्ये भरून ती खांद्याला अडकवली आणि हात पुढे केले.

"द्या हिला इकडे."

भोपळीने जाताक्षणी त्यांचे केस मुठीत धरले. बाईंचा एकच हात मोकळा राहिला. तो आपसूक बरगडीपाशी वळला आणि कप्प्यात शिरला. टेबलावरचा तो घडी घातलेला कागद त्यांनी आत सरकवला. कसला, ते कुणी विचारलं नाही.

"पाचशे नग," त्या म्हणाल्या. "कप्पा असाच. आणि शिवून घेणार हिची आईच."

मास्तरांनी चष्मा चढवला. "पाचशे एक काढ गं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "आमच्या घरी एक लागेल."

प्रत्येक पर्समध्ये ठेवायच्या चिठ्ठीचा मजकूर तेवढा राहिला होता. लेक परत कडेवर घेऊन, ताठ उभ्यानेच तिने तो लिहून दिला:

'हा कप्पा जिची पर्स, तिचाच आहे. घरच्यांनो, उघडून बघू नका. ती बरी आहे ना, एवढं मात्र आज तिला विचारा.'