कोमातला थोरला

सेटवर त्याला सगळे 'बदली' म्हणत. हे नाव त्याला सत्तावीस वर्षांपूर्वी चिकटलं. एका सिनेमात पोस्टमनचं काम करणारा नट ऐनवेळी तापानं फणफणला, आणि गर्दीत उभ्या असलेल्या याला दिग्दर्शकानं दंडाला धरून पुढे ओढलं. गणवेशाची विजार आखूड होती, म्हणून त्यानं अख्खा प्रसंग गुडघे वाकवून केला. दिग्दर्शकाला वाटलं, काय चाल पकडलीय म्हाताऱ्या पोस्टमनची! तेव्हापासून कुणी रुसलं, कुणाचा पाय मुरगळला, की फोन बदलीला.

असं करता करता त्यानं काय काय म्हणून नाही केलं? चार वेळा वकील, सात वेळा इन्स्पेक्टर, नऊ वेळा प्रेत. लहान मुलांच्या कार्यक्रमात तो दीड वर्ष भोपळा होता. टूथपेस्टच्या जाहिरातीत दातांचा डॉक्टर, चहाच्या जाहिरातीत नुसता हात. एका भुताच्या सिनेमात तर भूतही तोच आणि भुताला घाबरून पळणारा चौकीदारही तोच, कारण चौकीदार त्या दिवशी उगवलाच नाही. चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा, नाव कुणाला ठाऊक नाही. बसमध्ये शेजारचा माणूस निरखून निरखून विचारी, "तुम्ही आमच्या बँकेत होतात ना?"

"हो, होतो की," बदली म्हणे. उगाच कशाला कुणाचा हिरमोड करा?

अशा कामांतून त्याला एक सवय लागली होती. हातात कागद आले की तो आपल्याबरोबर इतरांचे संवादही पाठ करायचा. कोण कधी गळेल आणि आपल्याला कुणाच्या जागी उभं करतील, याचा काय भरवसा? त्याची बायको शाळेत गणित शिकवायची. ती म्हणे, "सगळ्यांचा अभ्यास करून परीक्षेला एकाच मार्काचा प्रश्न सोडवणारा विद्यार्थी मी तुझ्यासारखा दुसरा पाहिला नाही."

पण चौपन्नाव्या वर्षी त्याचं नशीब उघडलं. रोजच्या एका मालिकेत त्याला थोरल्या मुलाचं काम मिळालं. मोठं कुटुंब, विधवा आई, तीन मुलगे, तीन सुना, आणि प्रत्येक दाराआड कुणीतरी कान लावून उभं. या सगळ्यांत थोरला म्हणजे घराचा खांब. आईचं काम अक्का करत. अक्का पंचाहत्तरीच्या. बदली शाळेत होता तेव्हापासून त्या पडद्यावर होत्या, आणि पहिल्या दिवशी त्यांच्या पाया पडायच्या प्रसंगात तो इतका वेळ खाली वाकून राहिला की अक्काच पुटपुटल्या, "उठ रे, काही सांडलंय का माझं?"

वर्षभर सगळं छान चाललं. मग त्याच्या लेकीचा पदवीदान समारंभ आला. गुरांची डॉक्टर झाली होती पोरगी, आणि कॉलेज दूरच्या शहरात. बदलीनं निर्मात्याकडे तीन दिवसांची सुट्टी मागितली.

"आणि थोरला कुठे गेला म्हणून सांगू लोकांना?" निर्माता म्हणाला.

"बाहेरगावी गेला म्हणा."

"मालिकेतली माणसं बाहेरगावी जात नाहीत. गेली तर परत येत नाहीत."

बदली तरी गेला. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या गैरहजेरीवर जगलेला माणूस पहिल्यांदा स्वतः गैरहजर राहिला. परत आला तर लेखकानं त्याच्या हातात कागद ठेवले. थोरल्याच्या गाडीला ट्रकनं उडवलं होतं. थोरला कोमात.

"किती दिवस?" बदलीनं विचारलं.

"बघू," लेखक म्हणाला आणि मान खाली घालून चहा प्यायला गेला.

घरी बायकोनं कागद चाळले. "पडून राहायचं, बोलायचं नाही, कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. तयारी तर पंचवीस वर्षांची आहे तुझी."

पण पडून राहणं वाटतं तितकं सोपं नव्हतं. पहिल्या दिवशी नाकाला खाज सुटली. दुसऱ्या दिवशी त्याला खरोखरच झोप लागली, आणि धाकटी सून ढसाढसा रडत असताना ध्वनिमुद्रक कानावरचे हेडफोन काढून ओरडला, "थांबा, थांबा! थोरला घोरतोय!"

दुसऱ्या आठवड्यात अक्कांचा मोठा प्रसंग होता. आई मुलाच्या उशाशी बसून त्याचा हात हातात घेते आणि दीड पान बोलते. अक्कांनी सुरुवात झकास केली. "तुझे बाबा गेले तेव्हा..." इथवर आल्या आणि थांबल्या. पुन्हा घेतलं, पुन्हा तिथेच अडल्या. तिसऱ्या वेळी, चौथ्या वेळीही तेच. दिग्दर्शक तरुण होता, सभ्य होता, पण त्याचा सुस्कारा सगळ्यांना ऐकू गेला. डोळे मिटून पडलेल्या बदलीला दिसत काही नव्हतं, पण अक्कांची बोटं आपल्या हातात गार पडत चाललीत हे त्याला कळत होतं.

पाचव्या वेळी अक्का "तुझे बाबा गेले तेव्हा" म्हणाल्या आणि थांबणार, तोच त्यांच्या कानावर अगदी हलकेच आलं, "...तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास."

"तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास," अक्का म्हणाल्या आणि शेवटपर्यंत गेल्या. बदलीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. त्याच्या कुजबुजीनं मास्कवर वाफ धरत होती. दिग्दर्शकाला ती फारच खरी वाटली.

पुढचे दोन दिवसही असंच निभावलं. तिसऱ्या दिवशी भलतंच झालं. "देवा, माझं पोर मला परत दे!" असं वाक्य होतं. ओठ न हलवता 'प' काही म्हणता येत नाही. अक्कांनी जे ऐकलं ते छातीवर हात मारून म्हटलं, "देवा, माझं ढोर मला परत दे!"

कॅमेरामन खुर्चीवरून खाली घसरला. मधली सून रडता रडता पदरात तोंड खुपसून बाहेर पळाली. कोमातला थोरला मात्र जीभ दाताखाली धरून निपचित पडून राहिला. आयुष्यातला आपला सर्वात अवघड अभिनय हाच, असं तो पुढे सांगायचा.

दुपारी अक्कांनी त्याला मेकअपच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"कधीपासून कळलं तुला?" त्यांनी विचारलं.

"तसं काही नाही अक्का. एखादा शब्द कुणाचाही..."

"मला शेंड्या लावू नकोस. एखादा शब्द नाही, पानंच्या पानं जातात. घरून पाठ करून येते आणि दिवे लागले की पाटी कोरी." त्यांनी आरशात बघून केस सारखे केले. मग एकदम कामाचं बोलल्या. "'प', 'ब' किंवा 'म' आला की माझं बोट दाबत जा. बाकीचं मी सांभाळते. मला ढोरं हाकायची नाहीत."

तशी त्यांची जोडी जमली. सकाळपासून बदली कोमात असायचा आणि दुपारी चार वाजता उठून दुसऱ्या स्टुडिओत जायचा, तिथे एका सिनेमात तो नाच शिकवणारा मास्तर होता. दिवसभर आखडलेलं अंग तिथे मोकळं व्हायचं. आणि मालिकेत नवल घडलं. आईचे उशाशी बसून बोलायचे प्रसंग लोकांना इतके आवडले की लेखक रोज एक लिहू लागला. अक्का एकेका शब्दाची वाट बघत थांबायच्या, आणि लोकांना वाटायचं, माउलीला हुंदका आवरत नाहीये. थोरला चांगला धडधाकट असताना त्याला कुणी विचारत नव्हतं. आता बसमधला माणूस त्याला उठून जागा द्यायचा आणि म्हणायचा, "तुम्ही उभे राहू नका हो. आता कसं वाटतंय?"

तीन महिने गेले. एका सोमवारी लेखक खाटेपाशी आला. "शुक्रवारी तू मरतोस," तो ओशाळून म्हणाला. "गोष्ट पुढे न्यायची म्हणतायत."

मरणाचं बदलीला काय? नऊ वेळा झालं होतं, हे दहावं. पण त्याला काळजी वाटली ती अक्कांची. तो तडक निर्मात्याकडे गेला. "साहेब, मला अजून थोडे दिवस कोमात ठेवा ना."

निर्माता हसता हसता लाल झाला. "अरे, नट येतात ते संवाद वाढवून मागायला! कोमा वाढवून मागणारा तू पहिलाच. का पण?"

  तेवढ्यात मागून अक्का आल्या. लेखकानं त्यांनाही सांगितलं होतं.

"तो सांगणार नाही, मी सांगते," त्या म्हणाल्या. "माझं पाठांतर संपलंय. गेले तीन महिने माझा प्रत्येक शब्द हा मला झोपल्या झोपल्या पुरवतोय."

निर्माता त्या दोघांकडे आळीपाळीनं बघू लागला. दारात ध्वनिमुद्रक उभा होता, त्यानं घसा खाकरला. "खरं आहे साहेब. पहिल्या दिवसापासून माझ्या कानात येतंय. रोज शूटिंग संपलं की बसून याचा आवाज पुसतो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही रोज एवढंच विचारता, आवाज नीट येतोय ना? येत होता की. दोघांचाही."

निर्मात्याला रागवायचं होतं, पण कुणावर ते ठरेना. शेवटी त्यानं अक्कांना बसायला खुर्ची दिली. अक्का बसल्या नाहीत. "शुक्रवारचा प्रसंग मला नीट करू दे," त्या म्हणाल्या. "मग मी थांबते. मला ओढत नेण्यापेक्षा चालत गेलेलं बरं." मग बदलीकडे वळून म्हणाल्या, "आणि त्या दिवशी तू तोंड बंद ठेवायचंस."

"आणि अडलात तर?"

"तर अडेन."

शुक्रवारी सेटवर दिवे लागले. अक्कांनी बदलीचा हात धरला आणि बोलायला लागल्या. एक पान गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या पानाच्या मध्यावर त्या थांबल्या. बदलीनं मास्कमध्ये श्वास घेतला. अक्कांनी त्याचं बोट असं करकचून दाबलं की तो श्वास त्याला गिळावा लागला.

मग त्या बोलल्या, पण कागदावर नव्हतं ते.

"तीन महिने झाले रे तुला झोपून. चादरी बदलल्या, उशा बदलल्या, डॉक्टर बदलले. पोट मात्र आहे तिथेच आहे. एवढी तुझ्या उशाशी बसून रडले, तुझं एक किलो वजन उतरलं नाही. माझं पाच किलो उतरलं! आता पुरे झालं. एकटीनं बोलून माझा घसा बसला. ऊठ मेल्या, आणि काही बोलायचं असेल तर तोंड उघडून बोल."

बदलीनं जीभ दातांत धरली, पण या वेळी काही उपयोग झाला नाही. आधी पोट हाललं, मग खांदे, मग मास्क वाफेनं पांढरा झाला आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. थोरला कोमात हसत होता. अक्कांनी ते पाहिलं आणि त्याही हसल्या, हसता हसता रडल्या, आणि त्याच्या कपाळावर हात ठेवून बसून राहिल्या. 'कट' म्हणायचं दिग्दर्शकाला सुचलंच नाही. कॅमेरा आपला चालूच.

निर्मात्यानं तो प्रसंग दोनदा पाहिला आणि लेखकाला म्हणाला, "याला आता मारशील तर लोक आपल्याला मारतील." लेखकानं तिथेच बसून पुढची पानं फाडली. थोरला शुद्धीवर आला. आठवडाभरात थोरला सावरला आणि आई निर्धास्त होऊन आपल्या बहिणीकडे राहायला गेली. बॅग हातात घेऊन, दारात वळून बघत, एकही शब्द न बोलता अक्का पडद्याबाहेर गेल्या. सेटवरचे सगळे, अगदी दिवे धरणारेसुद्धा, त्यांना गाडीपर्यंत सोडायला आले.

ध्वनिमुद्रकाची स्वतःची एक छोटी खोली होती. भिंतींना जाड फोम लावलेला, मध्ये टेबल, दोन माइक आणि एक दिवा. तिथे तो ऐकायची पुस्तकं तयार करायचा. महिन्याभरानं त्यानं अक्कांना फोन केला. "अक्का, कागद समोर असतो. पाठ काही करायचं नाही. नुसतं वाचायचं."

"वाचायला काय, रात्रंदिवस वाचीन," अक्का म्हणाल्या. "पण मी एकटी येणार नाही."

म्हणून बदलीही गेला. पहिल्याच गोष्टीत अकरा पात्रं होती. निवेदन अक्कांनी घेतलं, आणि चोर, न्यायाधीश, न्हावी, त्याची सासू, एक बकरी आणि उरलेली सगळी मंडळी बदलीच्या वाट्याला आली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांची चाळीस पानं झाली. बदली पाणी प्यायला उठला तेव्हा अक्का चष्मा पुसत ध्वनिमुद्रकाला विचारत होत्या, याच्याहून जाडजूड पुस्तक आहे का म्हणून.